गाडीतला टॉर्च: आधी सेल, मग उजेड

गाडीत ठेवायला कुठला टॉर्च घ्यावा असं कुणी विचारलं की मी सेलबद्दल बोलायला लागते आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. त्याला लुमेन, म्हणजे एकूण उजेडाचे आकडे, ऐकायचे असतात. किती लांब झोत जातो, काच फोडता येते का, सायरन वाजतो का, असलं काहीतरी. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. माल आला की आधी तांत्रिक कागद वाचायचा, खोक्याकडे नंतर बघायचं, ही तिथली शिस्त. खोक्यावर काय छापायचं ते विक्रीवाले ठरवतात. कागदावरचे आकडे मात्र ज्याला उद्या जाब द्यावा लागणार असतो तो लिहितो. त्या सवयीमुळे टॉर्चच्या बाबतीतही मी आधी आत काय आहे ते बघते.

घरातला टॉर्च चार-आठ दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या हातात येतो. मंद झाला की लगेच कळतं, सेल बदलले जातात. गाडीतला टॉर्च महिनोन् महिने कुणी हातात घेत नाही. उन्हाळा, हिवाळा, खड्डे, धूळ सगळं सोसत तो तसाच पडून असतो. आणि काम पडतं ते नेमकं अंधारात, पावसात, चाक बसल्यावर किंवा गाडीची बॅटरी पार झोपल्यावर. तेव्हा तो पहिल्या दाबाला लागला पाहिजे. म्हणजे ही वस्तू वापरण्यापेक्षा पडून राहण्यासाठी निवडायची असते. दुकानात हातात घेऊन भिंतीवर झोत मारून बघितल्याने यातलं काहीच कळत नाही.

पडून राहण्यात सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. बंद गाडी उन्हात किती तापते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात संशोधकांनी कडक उन्हाळ्यात गाड्या तासभर उन्हात उभ्या करून मोजमाप केलं. आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली, सीट ५१ च्या, स्टीअरिंग ५३ च्या, आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीत उभ्या गाड्यांचा डॅशबोर्डसुद्धा ४८ अंशांच्या आसपास होता. हे फक्त एका तासात. बाहेर फार ऊन नसलं तरी सुटका नाही. २००५ सालच्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की आतलं तापमान जेवढं चढायचं त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच चढतं, आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

या आकड्यांतली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे एकाच गाडीतली तफावत. डॅशबोर्ड आणि सीट यांच्यात १८ अंशांचा फरक. काचेतून थेट ऊन जिथे पडतं ती जागा भट्टी, आणि जरा खाली, आडोशाला, त्यामानाने बरी परिस्थिती. तेव्हा टॉर्च कुठला हे ठरण्याआधी एक गोष्ट ठरली: तो डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेपाशी असणार नाही.

आता सेल. बहुतेक गाड्यांत असतात ते साधे अल्कलाइन पेन्सिल सेल. सगळीकडे मिळतात, टॉर्चबरोबर फुकट येतात, आणि गाडीत ठेवायला माझ्या मते सगळ्यात वाईट. कारण चार्ज नव्हे. अल्कलाइन सेल नुसता ठेवला तर थंड जागी दहा वर्षं टिकतो असं कंपन्या सांगतात आणि ते खरंही आहे. दुखणं आहे गळण्याचं. त्यात जस्ताची पूड असते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. सेल उतरत गेला, किंवा तापला, की जस्ताची त्या द्रावणाशी आतल्या आत अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. दाब वाढला की सेलच्या बुडाशी असलेलं सील मुद्दाम फाटतं, नाहीतर सेल फुटेल. सील फाटलं की द्रावण बाहेर, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी खरपुडी होते, आणि ती स्प्रिंग खाते, पट्टी खाते, आटे जाम करते. शिवाय एका टॉर्चमध्ये एक जुना आणि एक नवा सेल असेल तर जुना आधी संपतो आणि नवा त्या संपलेल्या सेलमधूनही प्रवाह ढकलत राहतो. मग तो गळणारच.

दाजींच्या गाडीत असाच एक जाडजूड टॉर्च होता. ताईने एकदा डिकी आवरताना मला दिला, "बघ गं, लागत नाहीये." मागचं झाकण दोघींच्या जोराने फिरेना. शेवटी पान्याने फिरवलं तर आतून पांढरं पीठ सांडलं आणि सेल नळीत सिमेंट केल्यासारखे घट्ट बसलेले. दाजी म्हणाले, "पण मी तर तो कधी वापरलाच नाही!" मी म्हटलं, "दाजी, म्हणूनच." अशी खरपुडी थोडीच असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने निघते. ती आम्लारीधर्मी असते, आम्लाने विरघळते. पण हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका. नळीत पाणी ओतून धुवायला जाऊ नका. दाजींचा टॉर्च काही वाचला नाही.

दुसरा पर्याय लोकांना आधुनिक वाटतो: आत चार्ज होणारा लिथियम-आयन सेल, टाइप-सीची केबल लावा आणि विसरा. रोज वापरणाऱ्यासाठी उत्तम. गाडीत विसरण्यासाठी नाही. लिथियम-आयन सेल दोन गोष्टींनी म्हातारा होतो, एक उष्णता आणि दुसरी भरलेपण. ज्याचे आकडे नेहमी दिले जातात त्या तक्त्यानुसार असा सेल ४० टक्के भरून २५ अंशांत वर्षभर ठेवला तर ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ४० अंशांत ठेवला तर ६५ टक्के. पूर्ण भरून ६० अंशांत ठेवला तर तीन महिन्यांतच ६० टक्के. गाडीतला टॉर्च मात्र आपण भरलेलाच ठेवणार. अर्धा भरून ठेवायचा आणीबाणीचा टॉर्च ही कल्पनाच विचित्र. आणि बहुतेक कंपन्या या सेलसाठी साठवणीची वरची मर्यादा ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान कुठेतरी लिहितात. चार्जिंगची मर्यादा त्याहून खाली, साधारण ० ते ४५. म्हणजे उन्हातून आल्या आल्या तापलेल्या गाडीतच चार्जिंगला लावणं दुहेरी वाईट. काही लोक चार्जरच्या सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवायचे छोटे टॉर्च घेतात. ते कायम भरलेले आणि कायम तापलेले.

ज्यांना हाच प्रकार हवा आहे त्यांनी निदान सेल बाहेर काढता येईल असा टॉर्च घ्यावा. १८६५० किंवा २१७०० आकाराचा सेल (पहिले दोन आकडे व्यास, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये) दोन-तीन वर्षांनी बदलता येतो. आत चिकटवलेला सेल मेला की टॉर्च कचऱ्यात. आणि १८६५० घेताना वर ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असेल तर तो तिथेच ठेवून पुढे चालू पडा. नामांकित कारखान्यांचे या आकाराचे सेल ३५०० च्या आसपास असतात. ९९०० हा आकडा फक्त वेष्टनावर मावतो.

तिसरा प्रकार, ज्याचा मी सगळ्यांकडे प्रचार करत फिरते: चार्ज न होणारा लिथियम पेन्सिल सेल. रसायन लिथियम आणि आयर्न डायसल्फाइडचं, दाब तोच १.५ व्होल्ट, त्यामुळे साध्या पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये सरळ बसतो. वजनाने साधारण १५ ग्रॅम, अल्कलाइन २३ च्या आसपास. कागदावर काम करण्याची कक्षा उणे ४० ते अधिक ६० अंश, साठवणीचं आयुष्य २० वर्षांच्या घरात. आत पाण्याचं द्रावणच नाही, त्यामुळे अल्कलाइनसारखा वायू होऊन गळण्याचा प्रकार नाही. थंडीत अल्कलाइन सुस्तावतो, हा नाही. महाग आहे, हे खरं. पण गाडीच्या टॉर्चमध्ये तो वर्षानुवर्षं एकदाच घालायचा असतो.

दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, नवा असताना याचा दाब १.८ व्होल्टच्या आसपास असतो. बहुतेक एलईडी टॉर्चना चालतं, पण काही टॉर्चवर ‘फक्त अल्कलाइन’ असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं. दोन, दुकानात याच्याच शेजारी दीड व्होल्टचे चार्ज होणारे लिथियम पेन्सिल सेल लटकत असतात. नाव जवळपास तेच, आकार तोच. त्यांच्या पोटात मात्र लिथियम-आयन सेल आणि दाब कमी करणारं छोटं सर्किट असतं. म्हणजे वर सांगितलेली लिथियम-आयनची सगळी दुखणी, शिवाय ते सर्किट स्वतःच थोडं थोडं खातं. आणि १४५०० नावाचा सेल तर दिसायला हुबेहूब पेन्सिल, पण ३.७ व्होल्टचा. साध्या पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये घातलात तर तो एकदाच आणि फार छान लागेल.

निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणजे कॅमेऱ्यात आणि खेळण्यांत घालतो ते चार्जवाले, पूर्वी पडल्या पडल्या उतरायचे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणल्यापासून हळू उतरणारे मिळू लागले. घरासाठी फारच छान. गाडीच्या उष्णतेत उतरण्याचा वेग वाढतो, म्हणून वर्षातून दोनदा आठवणीने चार्ज करणाऱ्या शिस्तीच्या माणसालाच ते शोभतील.

हाताने फिरवायच्या डायनॅमो टॉर्चबद्दल लोकांना फार प्रेम असतं, मलाही आहे. दुसऱ्या महायुद्धात फिलिप्सने मुठीने दाबत राहायचा टॉर्च बनवला होता, त्यात सेलच नव्हता, दाबणं थांबलं की उजेड थांबला. तो प्रामाणिक प्रकार. हल्लीच्या बहुतेक डायनॅमो टॉर्चमध्ये फिरवलेली वीज साठवायला आत एक छोटा चार्ज होणारा सेल असतो, आणि तो मेला की हँडल फिरवून नुसता व्यायाम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चाक बदलताना हँडल फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा?

सेल ठरला की मी बटण बघते. मागच्या टोकाला कट्कन वाजणारं यांत्रिक बटण असेल तर बंद म्हणजे खरंच बंद, प्रवाह तुटलेला. बाजूचं मऊ इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर आतलं सर्किट दाबण्याची वाट बघत सतत जागं असतं आणि थोडा प्रवाह खातं. चांगल्या टॉर्चमध्ये हे खाणं नगण्य असतं. पण हिशेब करून बघा. अर्धा मिलिअँपिअर गळत असेल तर वर्षाच्या ८७६० तासांत ४३८० मिलिअँपिअर-तास गेले, आणि एका पेन्सिल सेलमध्ये असतात ३००० च्या आसपास. टॉर्च एकदाही न लावता वर्षाच्या आत सेल खलास. शिवाय मऊ बटण सामानाखाली दाबलं जातं. यावर सोपा उपाय म्हणजे मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवणं. अ‍ॅनोडाइज केलेल्या, म्हणजे ऑक्साइडचा थर चढवलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या आट्यांतून वीज जात नाही, त्यामुळे झाकण टेकलेलं नसलं की मार्ग तुटतो. हे तुमच्या टॉर्चला लागू पडतं का ते लगेच कळतं: सैल करा, दाबा, लागला नाही म्हणजे पडतं. प्लास्टिकच्या टॉर्चला सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी घालून ठेवता येते, पण अंधारात ती काढायची आठवण सगळ्यांना राहिली पाहिजे.

तीन छोट्या पेन्सिल सेलचा पिंजरा आत असलेले टॉर्च मी घेत नाही. तीन सेल, तीन स्प्रिंगा, पिंजऱ्याच्या दोन्ही टोकांना पुन्हा टेकण्याच्या जागा, आणि गाडीचे हादरे. जितके सांधे जास्त तितक्या न लागण्याच्या जागा जास्त. एक किंवा दोन मोठे पेन्सिल सेल, नळीत सरळ एकामागे एक, बास.

आता लुमेन. एवढं वाचलंत तर तेवढा तुमचा हक्क आहे.

भाच्याने गाडी घेतली तेव्हा आधी टॉर्च घेतला, इतका हौशी. खोक्यावर एक लाख लुमेन. अंगणात लावून दाखवला, "मावशी, बघ, समोरची अख्खी इमारत दिसतेय." दिसत होती. थोड्या वेळाने टॉर्च हातात धरवेना इतका तापला आणि उजेड आपोआप अर्ध्यावर आला. मी विचारलं, "खोक्यावर एफएल-१ लिहिलंय का?" त्याने खोका उलटासुलटा केला. नव्हतं. अमेरिकेत २००९ साली टॉर्च मोजण्याचं एफएल-१ नावाचं मानक ठरलं, ते कंपन्यांवर सक्तीचं नाही, पण पाळणारे खोक्यावर छोट्या चौकोनी चिन्हांत आकडे छापतात. लुमेन मोजायचे ते लावल्यावर अर्ध्या मिनिटानंतर, दोन मिनिटांच्या आत. किती वेळ चालतो ते मोजायचं उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो ते, साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका. पडण्याची चाचणी काँक्रीटवर, निदान एक मीटरवरून.

मानकाचेही कंगोरे आहेत. "१००० लुमेन, ३ तास" असं छापलेलं असलं तरी हजार लुमेन दोन-तीन मिनिटंच, पुढचे तीन तास दीडदोनशेवर, हे नियमात बसतं, कारण दोनशे म्हणजे अजून २० टक्के आहे. चांगल्या कंपन्या वेळेसोबत उजेडाचा आलेख देतात. तो दिला असेल तर टॉर्चबद्दल मला निम्मी खात्री तिथेच होते. झोताच्या अंतराचंही तसंच. ते कँडेलाच्या, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या आकड्याच्या, वर्गमुळाच्या दुप्पट येतं. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट. आणि २०० मीटरवर चांदण्याइतका उजेड पडला म्हणजे तिथे काही नीट दिसेल असं नाही. काम करण्याजोगं अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी धरा.

पण गाडीच्या कामात दोनशे मीटरवर बघायचं असतं काय? बॉनेटखाली, चाकापाशी, सीटखाली पडलेली किल्ली, फ्यूजच्या पेटीवरची बारीक अक्षरं. सगळं हाताच्या अंतरावर. तिथे ५० ते १५० लुमेनचा पसरट, मऊ उजेड हवा. हजार लुमेनचा टोकदार झोत बॉनेटखालच्या चकचकीत धातूवर आपटून डोळ्यांत परत येतो आणि ज्या सांध्याकडे बघायचं तोच काळा दिसतो. रस्त्याच्या कडेचा उतार बघायला, लांबून कुणाला खूण करायला २०० ते ३०० पुरतात. माझा आग्रह असतो तो सगळ्यात खालच्या पातळीचा. एक ते पाच लुमेन असतील अशी पातळी हवी, आणि शक्यतो टॉर्च त्या पातळीवरच आधी लागावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात, आणि एक भगभगीत झोत ती सगळी कमाई घालवतो. मागे पोर झोपलेलं असतं, कागद वाचायचा असतो, तिथे तीन लुमेन भरपूर.

सेलच्या आयुष्याशीही याचा संबंध आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, एका पेन्सिल सेलमध्ये दीड. म्हणून आत दाब वाढवणारं सर्किट असतं. ते उजेड एकसारखा राखतं आणि मग लिथियम सेलवर अचानक, फारशी पूर्वसूचना न देता, संपतं. जुन्या बल्बचा टॉर्च पिवळा पडत पडत सांगायचा. हा सांगत नाही. म्हणून त्याच प्रकारचे जादा सेल, मूळ वेष्टनात, टॉर्चशेजारी. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकायचे नाहीत.

रंगाबद्दल थोडक्यात. निळसर पांढरा ६५०० केल्व्हिनचा उजेड मोजमापात जास्त भरतो, म्हणून खोक्यावर तोच असतो. मी ४००० ते ५००० केल्व्हिनचा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा घेते, चार लुमेन कमी पडले तरी चालतील. स्वस्त एलईडीखाली लाल वायर तपकिरी दिसते, आणि जमिनीवर गळलेलं इंजिन ऑइल आहे, कूलंट आहे की नुसतं एसीचं पाणी हे रंगावरूनच ओळखायचं असतं. धुक्यात मात्र पिवळा उजेड भेदून जातो ही समजूत सोडून द्या. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, त्यांना रंगाशी देणंघेणं नसतं. टॉर्च डोळ्यांपासून लांब, कमरेखाली धरला की परत येणारा पांढरा पडदा पुष्कळ कमी होतो. पावसातही तेच.

आणि खरं सांगायचं तर, हातात धरायचा टॉर्च हा माझ्या यादीत दुसरा. पहिला नंबर डोक्याला लावायच्या टॉर्चचा, म्हणजे हेडलॅम्पचा. चाक बदलायला दोन्ही हात लागतात, जॅक नीट टेकलाय का ते वाकून बघावं लागतं, नट मातीत पडलेला शोधावा लागतो. डोकं वळेल तिकडे उजेड. ज्यांना डोक्याला पट्टा बांधायला लाज वाटते त्यांनी टॉर्च दातांत धरून दहा मिनिटं काम करून बघावं. पट्ट्याचं रबर मात्र उष्णतेने सैल पडतं, अधूनमधून ताणून बघायचं.

बुडाला लोहचुंबक असलेला टॉर्च हा दुसरा चांगला मार्ग, फक्त तुमच्या गाडीवर तो कुठे चिकटतो ते दिवसा बघून ठेवा. बऱ्याच नव्या गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनिअमचं असतं, बंपर प्लास्टिकचा, पुढचे फेंडरही कधी कधी प्लास्टिकचे. चुंबक सरळ घसरून खाली पडतो. आणि नुकत्याच थांबवलेल्या गाडीच्या ब्रेकच्या चकतीवर तो छान चिकटतो, तिथे लावू नका, ती भाजते.

"फोनला आहे की टॉर्च," असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फोनचा उजेड काही वाईट नाही. पण त्या वेळी फोनवर मदतीला कुणाला तरी बोलवायचं असतं, जागा पाठवायची असते, आणि चार्जिंग द्यायला गाडीची बॅटरी जिवंत असेलच असं नाही.

कुठे ठेवायचा? सगळे म्हणतात डिकीत, स्टेपनीपाशी, कारण तिथेच लागतो. बऱ्याच गाड्यांची डिकी हल्ली विजेच्या कुलपाने उघडते. बॅटरी पूर्ण उतरली की बटण दाबून काही होत नाही, मागची सीट पाडून आतून सरपटत जाऊन छोटी कळ शोधावी लागते. अंधारात. टॉर्च पलीकडे. म्हणून एक टॉर्च चालकाच्या हाताला लागेल असा: दाराच्या खालच्या कप्प्यात, किंवा सीटखाली वेल्क्रोच्या पट्टीने बांधून. ग्लोव्ह बॉक्स चालेल, पण तो उन्हाच्या बाजूला असतो आणि त्यात सगळ्या जगाचे कागद असतात. हेडलॅम्प डिकीत, जॅकच्या पिशवीत. सुटा मात्र काहीच नको. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या वस्तूंवर गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट जोर येतो. एक किलोचा जाडजूड टॉर्च त्या क्षणी वीस किलोच्या जोराने पुढे येणार. त्या लांबलचक धातूच्या टॉर्चचा लोकांना स्वसंरक्षणासाठी मोह होतो, मला तो मागच्या सीटवर मोकळा नकोच असतो.

पेट्रोलचा वास येत असेल तर टॉर्च लांब उभं राहून आधी लावा आणि मग जवळ जा. साध्या टॉर्चच्या बटणात बारीक ठिणगी पडू शकते. चार्ज होत असलेल्या गाडीच्या बॅटरीतून हायड्रोजन येतो, तोही हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांवर लुकलुकणारा झोत मारू नका. चालकाचे डोळे दिपतात आणि तुम्ही नेमके कुठे आहात हेच त्याला कळत नाही. झोत जमिनीवर, आपल्या पायाशी आणि आपल्याच कपड्यांवर. पाणी किती सोसतो हे बघायचं तर आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसाला पहिलं पुरतं, डबक्यात पडणार असेल तर दुसरं.

माझ्या गाडीत सध्या दाराच्या कप्प्यात एका लिथियम पेन्सिल सेलचा, मागे कट्कन वाजणाऱ्या बटणाचा छोटा टॉर्च आहे, आणि डिकीत तसाच सेल लागणारा हेडलॅम्प. दोघांना एकच सेल चालतो हे मी मुद्दाम जुळवलं, त्यामुळे जादा सेलची एकच पाकिटं. सेल घातल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून टॉर्चला लावलेली असते. टायरमधली हवा बघते तेव्हा दोन्ही एकदा लावून बंद करते, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

दुचाकीवाल्यांचं थोडं वेगळं. सीटखालची जागा बऱ्याच स्कूटरमध्ये इंजिनाच्या अगदी वर असते, उन्हाशिवायही तापते, आणि हादरे गाडीपेक्षा कितीतरी जास्त. लांबच्या रस्त्याला हादऱ्याने सेलच्या टोकांची आणि स्प्रिंगची घासाघीस होऊन काळा थर बसतो आणि टॉर्च लुकलुकायला लागतो. टॉर्च हातरुमालात गुंडाळून, झाकण पाव फेरा सैल करून, कागदपत्रांच्या पाकिटात ठेवायचा. सुट्या पान्यांबरोबर नाही. आणि दुचाकीवर एकच ठेवायचा असेल तर हेडलॅम्प. हेल्मेटवरून त्याचा पट्टा बसतो की नाही ते घेतानाच बघून घ्या, बऱ्याच जणांचा बसत नाही.